दोन्ही हात ताटावर

हेंक गेल्याची बातमी मला ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या भाजीच्या दुकानात मिळाली आणि मी तिला अंगठा दाखवला. म्हणजे झालं असं, की एका हातात कोथिंबिरीची जुडी, काखेत दुधी, आणि खिशातला फोन वाजला. हेंकच्या मुलीचा, आनेकेचा मेसेज होता. 'बाबा आज सकाळी गेले. घरीच. शांतपणे.' तो वाचला, परत वाचला... उत्तर म्हणून काहीतरी नीट लिहावं म्हणून बोट टेकवलं, तर त्या मेसेजखाली एक पिवळाधमक, गुबगुबीत, उभा अंगठा उगवला. तो काढायला गेलो तर काखेतला दुधी निसटला. दुधी उचलेपर्यंत आनेके ऑनलाइन आलेली. आता काढला तर काढल्याचंही तिला कळणार.

"काय झालं?" मेधाने, माझ्या बायकोने, रांगेतून विचारलं. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने बातमी वाचून डोळे मिटले. मग उघडले आणि तिला खालचा अंगठा दिसला.

"श्री! माणूस गेलाय, आणि तू 'छान झालं' म्हणतोयस?"

मी फोन खिशात घातला. खरं सांगायचं तर आत कुठेतरी मला तसंच वाटत होतं. छान नाही, पण सुटल्यासारखं. नीट पार पडल्यासारखं. फक्त ते एखाद्याच्या लेकीला असं अंगठ्याने कळवायचं नसतं, एवढी अक्कल मलाही आहे.

हेंक वयाने माझ्या वडिलांच्या जवळचा. मराठीत लिहिताना खरं तर त्याला 'ते' म्हणायला हवं. पण पहिल्याच दिवशी मी त्याला 'मिस्टर' म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून, आपल्यामागे कोण उभं आहे ते पाहिलं होतं. तेव्हापासून तो आमच्यासाठी नुसता हेंक. न्यू लिनजवळ आम्ही घर घेतलं तेव्हा कुंपणापलीकडचं घर त्याचं. हॉलंडमध्ये फुटबॉल खेळून, मग तिथेच मॅनेजर म्हणून संघ सांभाळून तो इकडे आला होता. त्याची बायको इथली होती, ती आम्ही यायच्या आधीच वारलेली. मुलगी वेलिंग्टनला. घरामागच्या मैदानावर तो मुलींच्या संघाला शिकवायचा. आमच्या ईशाला त्याने एकदा कुंपणावरून चेंडू परत टाकताना पाहिलं आणि पुढच्या शनिवारी ती त्याच्या संघात. मी पडलो क्रिकेटचा माणूस. पण मैदानाच्या कडेला सगळ्यात रिकामा दिसणारा बापही मीच, म्हणून हेंकने मला संघाचा मॅनेजर केलं. मी लगेच पुण्याला फोन केला. मामेभावाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की श्रीकांत न्यू झीलंडमध्ये फुटबॉल संघाचा मॅनेजर झाला. अभिनंदनाचे गुच्छच्या गुच्छ आले. इथे मुलांच्या संघाचा मॅनेजर म्हणजे मध्यंतरासाठी संत्री चिरून आणणारा आणि जर्सी धुणारा पालक, हे मी आजतागायत पुण्याला कळवलेलं नाही.

"आपण दोघंही मॅनेजर," हेंक म्हणायचा. "फरक एवढाच, की तुझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही."

त्याच्या कारकिर्दीची गोष्ट मला एका बैठकीत कधीच मिळाली नाही. कॉफीच्या कपागणिक मिळाली. आणि त्याच्याकडे कॉफी म्हणजे एक विधीच होता. कॉफी यायची, पत्र्याचा डबा उघडायचा, तो तुमच्यापुढे धरायचा, तुम्ही एक बिस्किट घ्यायचं. एक. मग झाकण लागायचं आणि डबा कपाटावर जायचा. पहिल्यांदा मी दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे केला आणि माझी बोटं झाकणावर आपटली. हेंकच्या चेहऱ्यावर काही नाही. त्याला त्यात कंजूसपणाही वाटत नव्हता आणि पाहुण्याचा अपमानही. एक बिस्किट सगळ्यांचं, संपला विषय.

तो मधल्या फळीत खेळायचा. "मी गोल नाही केले," तो सांगायचा. "गोल करणाऱ्याला जो बॉल देतो ना, त्याला बॉल द्यायचो." चेंडू यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचं, ही त्याची सवय. ती म्हातारपणीही सुटली नव्हती. सुपरमार्केटमध्ये दुधाची बाटली उचलण्याआधीसुद्धा तो दोन्हीकडे पाहायचा, त्यामुळे तो काहीतरी चोरतोय असं वाटायचं. उत्तरेकडच्या कालव्याकाठच्या छोट्या गावातला हा पोरगा बरीच वर्षं लहानसहान क्लबांतून खेळला आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर एकदाचा एका मोसमापुरता सगळ्यात वरच्या गटात पोचला. तिथे एका मोठ्या सामन्यात, भरल्या मैदानात, त्याने खेळ चालू असताना बाकाकडे हात वर केला... मला बाहेर घ्या. दुखापत नव्हती. "माझा पाय बॉलपाशी एक श्वास उशिरा पोचत होता," तो म्हणाला. "बाकीच्यांच्या लक्षात यायला अजून वेळ होता. पण माझ्या आलं होतं."

लोकांनी शिट्ट्या मारमारून त्याची हुर्यो उडवली. ट्रेनरने त्याच्याकडे पाठ फिरवली. थंडीत घामाने भिजलेला हा माणूस मैदान ओलांडून एकटा चालत आला आणि बाकावर कुणी त्याला साधा कोटही दिला नाही.

"मग तुमचा संघ जिंकला?" मी विचारलं. मला वाटलं, गोष्ट आहे तर शेवट गोड असणार.

"छे! माझ्या जागी आलेल्या पोराला चकवून त्यांनी तीन गोल केले. तो माझ्याहून वाईट होता."

पुढे तो मॅनेजर झाला. एक संघ त्याने वरच्या गटात चढवला आणि एक खाली घातला. तो एकच संघ होता, हे त्याने पुढच्या कपाला सांगितलं. तिथून त्याला काढलं तेव्हा तिथे मिळालेला लांब काळा कोट त्याने स्वतःकडे ठेवला, फक्त छातीवरचं क्लबचं चिन्ह उसवून टाकलं. दोऱ्याचे ठिपके तेवढे राहिले. तोच कोट घालून तो आमच्या मैदानावर उभा असायचा, ऑकलंडचा तो आडवा, बोचरा पाऊस अंगावर घेत. आणि कुठल्याही मुलीला बाहेर घेताना तो स्वतः रेषेपर्यंत चालत जायचा, अंगातला कोट काढून तिच्या खांद्यांवर घालायचा आणि तिच्या डोळ्यांसमोर अंगठा उभा करायचा. ती चांगली खेळलेली असो की वाईट. कोट आधी, मग अंगठा. मग स्वतः कुडकुडत उभा. ईशा तर एकदा घरी येऊन म्हणाली, "बाबा, I played so bad, पण कोट मिळाला."

आमच्या घरी मात्र त्याचा सगळा अनुभव पणाला लागला. कारण मेधा वाढायला लागली, की थांबत नाही. पहिल्या जेवणाला तो 'नो, थँक यू' म्हणाला आणि ताटात पुरणपोळी पडली. 'रिअली, नो' म्हणाला, तिच्यावर तूप पडलं. शेवटी मी त्याला बाजूला घेऊन आमच्या खेळाचे नियम सांगितले. पहिलं 'पुरे' कुणी मनावर घेत नाही, ते म्हणायचंच असतं. दुसऱ्या 'पुरे'ला आग्रह वाढतो. खरंच नको असेल तर दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे. त्याने एखादी नवी व्यूहरचना समजून घ्यावी तशी मान डोलावली. पुढच्या वेळी भात येताच त्याने दोन्ही तळवे ताटावर पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पुर्रे!" मेधाने हसतहसत त्याच्या बोटांच्या फटीतून मूदभर भात घातलाच. त्याचं सगळं मराठी एवढंच. पण ते त्याला कायम पुरलं.

गेल्या वर्षी त्याच्या पोटात कॅन्सर निघाला. उपचारांच्या एका फेरीत तो निम्मा झाला आणि सावरला. या हिवाळ्याच्या तोंडावर ते दुखणं परत आलं. डॉक्टरांनी अजून एक फेरी सुचवली, पहिलीपेक्षा कडक. उपयोग होईल की नाही, हे तेही सांगेनात. आनेके वेलिंग्टनहून आली. रविवारी मेधाने दोघांना जेवायला बोलावलं, आणि मला माहीत होतं की जेवण हे निमित्त आहे. आदल्या दिवशी दोघी कुंपणापाशी बोलल्या होत्या. हेंकला तयार करायचं, असं त्यांचं ठरलं होतं. मीही त्यांच्याच बाजूचा. माणूस समोर बसलेला आहे, बोलतोय, मग सोडून कसं द्यायचं?

मेधाने वरणभात केला होता, मऊसर, त्याला सोसेल असा. आनेके बोलत होती... नवीन औषध, ओळखीतल्या कुणाला आलेला गुण, वेलिंग्टनला तिच्या घरी राहायची सोय. मेधा मधूनमधून भर घालत होती. "हेंक, एकदा प्रयत्न करायला काय हरकत आहे? आम्ही आहोत ना सगळे." तो ऐकत होता. मग मेधाने सवयीने भाताचा डाव पुढे केला, आणि हेंकने दोन्ही हात ताटावर ठेवले. हात केवढे वाळले होते! तळव्यांखालून अर्धं ताट दिसत होतं.

"पुरे, मेधा," तो म्हणाला. या वेळी खणखणीत नव्हतं ते.

डाव तसाच हवेत राहिला. आनेकेने आमच्याकडे पाहिलं. "काय म्हणाले ते?"

मी घसा खाकरला. पण बोलली मेधाच, तिच्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत, सावकाश. "आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला तरी आम्ही वाढतो. तसं केलं नाही तर त्याला वाटेल, आपण नकोसे झालो. पण दोन्ही हात ताटावर ठेवले, की..." ती थांबली. तिने डाव भाताच्या पातेल्यात ठेवला आणि पातेल्यावर झाकण घातलं. "की मग वाढणाऱ्याने ऐकायचं असतं."

आनेके रडली. हेंकने तिला रडू दिलं. मग म्हणाला, "आनेके, या वेळीही सगळ्यात आधी मलाच कळलंय." निघताना बाहेर वारा सुटला होता. आनेकेने खुंटीवरचा तो काळा कोट काढला, त्याच्यासाठी उघडून धरला, आणि हेंकने मुलासारखे एकेक करून हात बाह्यांत घातले.

त्यानंतर तो हॉस्पिटलात गेलाच नाही. दुखण्यावरचं औषध द्यायला नर्स घरी यायची. शनिवारी घडीच्या खुर्चीवर बसून त्याने दोन सामने पाहिले आणि ईशाला, ती आता मोठ्या संघात खेळते, बसल्या जागेवरून मनसोक्त शिव्या दिल्या. आनेके शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली. मला मात्र रोज वाटायचं, आपण अजून एकदा म्हणायला हवं होतं...

त्याच्यासाठी सगळे मैदानाच्या क्लबघरात जमले तेव्हा मी कोपरा धरून उभा होतो. आनेके पत्र्याचा डबा घेऊन फिरत होती. प्रत्येकाला एक बिस्किट, दर वेळी झाकण बंद. माझ्यापाशी आली तेव्हा मी चारपाच दिवस पाठ केलेली माफी सुरू केली. दुधी, कोथिंबीर, माझं जाडं बोट...

"ऐक," ती म्हणाली. "त्या रविवारी मी त्यांना कोट घातला. पण अंगठा नाही दाखवता आला मला. हात वरच होईना. ते गेल्यावर तेच डोक्यात होतं, की अर्धंच केलं. आणि मग तुझा तो आला." तिने फोन दाखवला. लोकांनी पाठवलेल्या इतक्या सगळ्या फुलांत आणि प्रार्थनांत तो माझा बावळट पिवळा अंगठा. "क्षणभर वाटलं, त्यांनीच पाठवला."

माझी माफी तिथेच संपली. जाताना तिने कोट माझ्या हातात दिला. संघाचं सामान मॅनेजरकडेच असतं म्हणाली.

घरी आल्यावर तो मी अंगात घालून पाहिला. बाह्या बोटांच्या खाली गेल्या, छातीवरचे दोऱ्याचे ठिपके माझ्या पोटावर आले. खिशात सुकलेली संत्र्याची साल होती, बहुधा माझ्याच संत्र्याची. मेधा पानं घेत होती. मी तसाच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, "मेधा, आपण अजून एकदा आग्रह करायला हवा होता का गं?"

तिने वळून मला कोटासकट खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"झाला होता आग्रह करून. पोटभर जेवून उठलाय तो," ती म्हणाली. "काढ तो कोट, आणि बस. भात निवतोय."