लाल ज्वारीची बोहणी

पार्बताबाई माळणीशी भाव करायची हिंमत मला कधी झाली नाही, आणि मी काही भित्रा माणूस नव्हे. राजापेठेत कापडाचं दुकान चालवलं, गोऱ्या साहेबाशी उभ्यानं भांडलो. पण टोपली खाली ठेवून ती "घ्या नाईतर चाला" म्हणाली की माझा हात आपोआप खिशात जाई.

तिच्या घरी ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. गावाबाहेर वीतभर मळा. वांगी, मेथी, सांबार. पुण्याकडचे लोक सांबाराला कोथिंबीर म्हणतात, खुशाल म्हणोत. दिवस उजाडताच तिची टोपली पेठेत हजर असे, आणि दिवसाची पहिली विक्री, म्हणजे बोहणी, ती फक्त एकाच दारात करी. ते दार माझ्या दुकानासमोरचं, केशवराव मास्तरांचं. मास्तरांच्या बायकोचा, गोदाबाईंचा, हात लाभतो असं तिचं ठाम मत होतं. बोहणीला गिऱ्हाईक जे देईल ते घ्यायचं, नाही म्हणायचं नाही, ही सासूची शिकवण. एकदा गोदाबाईंकडे सुटे पैसे नव्हते, तर हिनं मेथीच्या जुडीला दोन सुपाऱ्या घेतल्या आणि हसत पुढं गेली.

एकोणीसशे एकोणीस साल उजाडलं ते वाईट. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता, वर साथीच्या तापानं घरंच्या घरं रिकामी केली. ज्वारीचा भाव ऐकून माणूस बाजारातून तसाच परत फिरे. तेव्हा पेठेतल्या आम्ही पाचजणांनी वर्गणी जमवली, सरकारनं थोडी भर घातली, आणि गरिबांसाठी स्वस्त धान्याचं दुकान निघालं. नियम मी लिहिला. महिन्याची मिळकत बारा रुपयांच्या आत असेल त्या घराला चिठ्ठी. चिठ्ठीवर आठवड्याला सहा शेर ज्वारी, निम्म्या भावात. ते धान्य दुसऱ्याला देईल त्याची चिठ्ठी बंद. मला हा नियम फार चोख वाटला होता. माझी बायको रुख्मिणी म्हणाली, "याच्यात खानारी तोंडं कुठी मोजली तुमी?" कमिटीच्या कामात तू पडू नको, असं मी तिला सुनावलं. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

लोकांचे अर्ज लिहायला केशवराव मास्तर दर रविवारी शाळेत फुकट बसत. त्यांचा पगार अठरा रुपये, म्हणजे माझ्या नियमानं ते खाऊनपिऊन सुखी. पण भाऊ तापात गेला आणि त्याची चार लेकरं मास्तरांकडे आली होती. अठरा रुपयांत नऊ माणसं. पार्बताबाईची मिळकत आठ-नऊ रुपये आणि खाणाऱ्या दोघी. तिचा अर्ज मास्तरांनीच सुबक अक्षरात लिहिला, तिला चिठ्ठी मिळाली. स्वतः मास्तर त्या धान्याच्या दुकानाची पायरीही चढले नाहीत.

पुढचं मला पार्बताबाईनंच मागाहून सांगितलं. एका सकाळी गोदाबाई म्हणाल्या, "आज भाजी नको." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चुलीतून धूर निघेना आणि आत लेकरं कुरकुरताना ऐकू आली. पार्बताबाईनं टोपली थेट ओसरीवर उतरवली.

"माही बोहणी अडली न बाई. काईबी द्या, पन तुमच्या हातानं द्या."

गोदाबाईंनी अंगणातल्या तुळशीची एक डहाळी तोडून दिली. पार्बताबाईनं ती अंबाड्यात खोवली, मेथीची जुडी पुढं केली आणि सांबाराखालून तीन शेर ज्वारीचं गाठोडं काढलं.

"हे काय वो?"

"बोहणीचा माल हाय. वापस घेत नसतात."

मग दर मंगळवारी तुळशीची डहाळी इकडून तिकडे आणि ज्वारी तिकडून इकडे. हे धान्य तुमच्या गावाहून, बार्शीटाकळीहून येतं, असं गोदाबाईंनी नवऱ्याला सांगितलं. भाकरी तांबूस दिसे, पण यंदा तिकडे दाणाच तसा आला असेल असं समजून तेही बिचारे जेवत.

पण धान्याच्या दुकानातला मापारी नत्थुजी चाणाक्ष. त्यानं टोपलीतलं गाठोडं पाहिलं आणि रविवारी कमिटीसमोर तक्रार केली की पार्बताबाई आमची ज्वारी चढ्या भावानं विकते. तिला बोलावणं गेलं. शाळेत आम्ही खुर्च्यांवर, ती उभी, आणि जबाब लिहायला मास्तर.

अध्यक्ष भगवंतरावांनी विचारलं, "कोणाले देतं जवारी?"

"सांगनार नाई."

"मग चिठ्ठी जाईन."

"जाऊ द्या. पन इकत नाई मी. माह्या मळ्यात वांगं तरी पिकते. ज्याच्या घरी काईच पिकत नाई, नुसता पगार येते, त्यानं काय करावं? पांढरं धोतर नेसलं म्हंजे पोटाले भूक लागत नाई काय?"

एवढं बोलताना तिनं मास्तरांकडे चुकूनही पाहिलं नाही. ते आपले खाली मान घालून लिहीत होते. मीच शहाणपणा केला. म्हणालो, "आमची जवारी लाल हाय, बाहेरून आनलेली. गावात दुसऱ्या कोनाजवळ नाई. घराघराची झडती घेतली तर लगेच कळते." आणि नमुना म्हणून मूठभर दाणे टेबलावर ओतले.

मास्तरांचा टाक थांबला. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले. बार्शीटाकळीची ज्वारी पांढरी असते, हे तिथं जन्मलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. ते उठून माझ्याकडे वळले.

"झडती नोका घेऊ, खुशालराव. हे जवारी माह्या घरी आहे. महिनाभर आमी तेच खाल्ली."

पार्बताबाई फणकारली, "मास्तर, तुमी काहून बोलले? मी सांभाळत होती न!"

मला त्या खुर्चीत बसवेना. मी तिथल्या तिथं नियमाचा कागद ओढून घेतला आणि घालायला हवी होती ती ओळ घातली: मिळकत दर माणशी मोजावी. त्या हिशेबानं मास्तरांची चिठ्ठी पहिली निघाली. भगवंतरावांनी तीवर सही केली, पण पार्बताबाईनं नियम मोडलाच होता, म्हणून तिची चिठ्ठी महिनाभर बंद ठेवली. मी खूप भांडलो, ते काही बधले नाहीत. ती मात्र पदर सावरून ताठ मानेनं निघून गेली.

सोमवारी पांढरं धोतर नेसलेले मास्तर सगळ्या पेठेदेखत धान्याच्या रांगेत उभे राहिले.

मंगळवारी सकाळी मी दुकानाच्या फळ्या काढत होतो. पार्बताबाईनं समोरच्या ओसरीवर टोपली उतरवली आणि सवयीनं तुळशीच्या डहाळीसाठी हात पुढं केला. गोदाबाई आतून सूप घेऊन आल्या. सुपात लाल ज्वारी होती.

"बाई, हे नाई चालनार," पार्बताबाई मागं सरली.

"बोहणी आहे, पार्बताबाई," गोदाबाई म्हणाल्या. "बोहणीले नाई म्हनता येत नाई."

 पार्बताबाईनं पदर पसरला.