आत उघडणारं दार

बंदराजवळच्या कारखान्यात ती बावीस वर्षं जीवरक्षक तराफे तपासून, घडी घालून डब्यात भरत होती. जहाज बुडायला लागलं की डबा पाण्यात टाकायचा, दोरी ओढायची, की आतल्या सिलिंडरमधल्या वायूने वीस माणसांचा रबरी तराफा फुगून तयार. कारखान्यात तिला सगळे घडीताई म्हणत.

रविवारी दुपारी नवऱ्याला अंतराळातले भयपट लागायचे. ती शेजारी बसून त्याचं डोकं खायची.

"यानात सात माणसं आणि पळायच्या होडीत दोनच खुर्च्या? हे पास कुणी केलं?"

"अगं, सिनेमा आहे."

"चाळीस वर्षं पडून होती, आणि एका बटणात सुरू! आमच्याकडे वर्षभरात सिलिंडर गळतो. शिवाय तो राक्षस आधीच आत बसलाय. दार लावण्याआधी कुणी डोकावलंसुद्धा नाही."

"तू परीक्षक म्हणून जा तिकडे," नवरा वैतागायचा. लेक हसून हसून बेजार.

एका मंगळवारी सकाळी मोठा हॉल भरलेला होता. मुकादम म्हणाले, "हा एक तराफा छोट्या कोठीतच उघडा, ताई. फुगवायचा नाही, नुसती घडी बघायची."

सिलिंडर आधी सोडवायचा, हा नियम तीच नव्या मुलींना शिकवायची. पण दोरी गंजलेल्या कडीत अडकली होती. सिलिंडर न सोडवताच तिने हिसका दिला.

फुस्स! डोळ्यांदेखत तराफा भिंतीपासून भिंतीपर्यंत फुगला. तिची पाठ भिंतीला टेकली, छातीवर रबर. दार आत उघडणारं, आणि तराफा त्यालाच रेटून बसलेला.

"ताई, दार ढकला!" बाहेरून मुकादम ओरडले.

"ते आत उघडतं!"

वरून झडपांतून जादा वायू सुटत होता. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड; जड, तळाशी साचतो आणि श्वास कोंडतो. डोकं ठणकायला लागलं. सिनेमावाल्यांना इतकी नावं ठेवली, पण या दारातून बावीस वर्षं ये-जा करताना ते कोणत्या बाजूला उघडतं याचा विचार तिने एकदाही केला नव्हता. तिला स्वतःचाच राग आला.

ॲप्रनच्या खिशात कात्री होती. पण आता तराफा कापला तर सगळाच वायू खोलीत सुटेल. कोपर रोवत, घसरत ती तराफ्यावर चढली. छताखाली छोटी खिडकी होती, रंगाने चिकटून बसलेली.

"शिडी लावा! खिडकी फोडा! ती फुटेपर्यंत मी कापणार नाही!"

काच फुटली. तिने तोंड बाहेर काढलं, पोटभर हवा घेतली आणि हात मागे नेऊन कात्री खुपसली. तराफा तिच्याखाली हळूहळू बसत गेला. तिने खिडकीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. दार वीतभर उघडलं तसे मुकादम खांद्याने ते रेटत आत घुसले आणि त्यांनी तिला ओढून बाहेर काढलं. सगळं मिळून अकरा मिनिटं झाली होती.

"चूक माझी," मुकादम म्हणाले.

"हिसका मी दिला," ती म्हणाली. अहवालात तिने दोन्ही लिहिलं, आणि खाली दाराबद्दल. आठ दिवसांत दार बाहेर उघडायला लागलं.

तिला मात्र वेळ लागला. कितीतरी दिवस तिला न्हाणीघराची कडी लावता येईना. दार लोटून ती अंघोळ करायची आणि बाहेर पॅसेजमध्ये लेक उभी राहायची. कॉलेजचं, मैत्रिणीचं, काहीबाही मोठ्याने बोलत.