एकशे पंचावन्न अंक आणि माझी चाळणी

चूक माझी होती. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या सुजाताचं म्हणणं मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, आणि तेही क्लायंटसमोर.

क्लायंट म्हणजे निपाणीचे आप्पा. बेळगावात त्यांचं मशीन शॉप आहे. त्यांच्या एका जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची मेमरी गेली. प्रोग्राम नव्यानं भरायचा, तर मशीन फक्त डिजिटल सही असलेलाच प्रोग्राम घेतं. सहीची किल्ली मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे, आणि ती कंपनी बंद पडलेली. मशीनमध्ये एकशे पंचावन्न अंकी एक संख्या होती, दोन मूळ संख्यांचा गुणाकार. ते दोन अवयव सापडले की किल्ली हातात.

"किती दिस लागतील?" आप्पांनी विचारलं.

"तीन आठवडे."

अंक मोजायचे आणि पद्धत ठरवायची, ही माझी जुनी सवय. एवढ्या अंकांना नंबर फील्ड सीव्ह. म्हणजे चाळणी, अफाट संख्या चाळून कामाच्या तेवढ्या जमवणारं सॉफ्टवेअर. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर मी त्याला जुंपले.

सुजाता म्हणाली, "सर, संख्या केवढी ते तुम्ही बघितलं. बनवली कशी असेल? आधी वर्गमूळ काढून..."

"ते शाळेतलं गणित झालं," मी तिचं बोलणं तोडलं.

नऊ दिवस झाले, चाळणी निम्म्यावरही नव्हती. आप्पा आले. "सर, पोरं मशीन पुसून पुसून दमली. आता तिला हार घालायचा तेवढा ऱ्हायलाय."

मी खाली मान घालून सुजाताला म्हणालो, "तुझं करून बघ."

तिनं आप्पांना समजावलं, "९९९१ घ्या. वर्गमूळ शंभराच्या जरा अलीकडं. शंभराचा वर्ग दहा हजार. फरक नऊ, म्हणजे तीनचा वर्ग. मग अवयव शंभरातून तीन कमी, शंभरात तीन जास्त. ९७ आणि १०३. अवयव एकमेकांच्या जवळ असले की असे चटकन सापडतात. प्रोग्रामर आळशी असला, तर एक मूळ संख्या घेतो आणि तिच्या जवळपासचीच दुसरी."

तिनं हेच गणित त्या मोठ्या संख्येसाठी कॉम्प्युटरला घातलं आणि एंटर दाबलं.

"झालं, आप्पा."

"आगं, मी अजून खुर्चीत टेकलो बी न्हाय की!"

दुपारी आम्ही आप्पांच्या शॉपमध्ये जाऊन सही केलेला प्रोग्राम भरला आणि मशीन सुरू झालं. आप्पा फोनवर कन्नडमध्ये अख्ख्या नात्यागोत्याला सांगत सुटले.

स्वस्तातल्या पद्धती आधी वापरून बघाव्यात. पाच मिनिटं जातात. माझे नऊ दिवस गेले.

तिथंच शॉपमध्ये मी म्हणालो, "सुजाता, त्या दिवशी चुकलो. माफ कर."

मशीनच्या आवाजात तिला काही कळलं नाही. "काय म्हणालात सर?"

मग मी ओरडून माफी मागितली. सगळे कामगार वळून बघत होते.