मानसीच्या कॉम्प्युटरची झडती

गिरणीत साच्याखाली, म्हणजे मागाखाली, कापसाचा भुगा साचायचा. कुणी आणून टाकायचं नाही, साचताना कुणाला दिसायचा नाही, पण पाळी संपताना हात घातला की मूठभर निघायचाच. किस्स्यांचं तसंच आहे. आता हेच बघा, नातीला एक कॉम्प्युटर घ्यायचा होता. महिन्याभरात एवढे किस्से साचले!

आधी सावळारामाची ओळख करून देतो. आमच्या लालबागच्या चाळीत गॅलरीतल्या बाकड्यावर आम्ही दोघं रोज बसतो. एकाच गिरणीत होतो. मी साच्यावर कापड विणायचो, तो फिटर. अजूनही त्याच्या शर्टाच्या खिशात एखादा नट-बोल्ट सापडतो. संप झाला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, दोन महिन्यांत परत कामावर. तेव्हापासून सावळाराम कुणावर विश्वास ठेवत नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख खरी का, हे तो दूधवाल्याला विचारतो. आणि दूधवाला खरा का, हे मला!

*

मानसी, माझी नात, कॉलेजात आहे. एक दिवस म्हणाली, "आजोबा, मला गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे. साधा नाही चालणार."

सावळाराम बाजूलाच होता. "खेळायला मशीन? पत्ते काय वाईट गो बाय?"

"सावळा आजोबा, आमची टीम आहे. पाच जणांची. मी सहावी. सबस्टिट्यूट."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे कुणी आलं नाही तर मला घेतात. आता कॅप्टन म्हणतो, ज्याच्याकडे स्वतःचं मशीन नाही त्याला घेणारच नाही. गेमिंग पार्लरमधलं मशीन ऐन मॅचमध्ये बंद पडतं. महिनाअखेरच्या रविवारी सहाला मोठी मॅच आहे. तेव्हा घरून हजर नसले तर माझं नावच काढणार."

गिरणीत अकरा वर्षं मी बदली कामगार होतो. रोज सकाळी डबा घेऊन गेटबाहेर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवणार, की आपल्याला आत घेतलं. नाहीतर डबा तसाच घरी. मी दारात दिसलो की बायको आधी डबा उचलून बघायची. जड असला तर काही विचारायची नाही.

"घेऊ," मी म्हटलं.

मानसी आत गेल्यावर सावळाराम उखडला. "अरे, काय घ्यायचंय ते तरी कळलं का तुला?"

"नाही."

"मग हो कसा म्हणालास?"

"ती बदली आहे रे."

सावळाराम बाकड्यावरून उठला. मग म्हणाला, "चल. चप्पल घाल."

*

पहिल्यांदा दादरच्या एका दुकानात गेलो. तिथे सगळे तयार कॉम्प्युटर. काचेच्या पेट्या, आत लाल-निळे-हिरवे दिवे फिरतायत. सावळाराम म्हणाला, "ह्या काय? मशीन की गणपतीचं डेकोरेशन?"

मानसीने विचारलं, "यात पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा आहे?"

"चांगल्या कंपनीचा," दुकानदार म्हणाला.

"चांगली? ही कंपनी कधी ऐकली नाही," सावळाराम म्हणाला. "उघडा बघू."

"काका, उघडता येत नाही. सील तुटलं की वॉरंटी गेली."

"म्हणजे घेण्याआधी आत बघायचं नाही, आणि घेतल्यावरही बघायचं नाही?"

"काका, थोडा विश्वास ठेवा ना!"

झालं! सावळाराम खुर्चीतून उठला. "ब्याऐंशी साली ठेवला होता. अजून घरी बसलोय!"

*

खरं तर तयार घ्यायचा की सुटे भाग आणून जोडून घ्यायचा, ह्याचा निकाल लावला नीराबाईने. ती कोळीण. वीस वर्षं आमच्या दारावर मासळी घेऊन येते.

मानसी आईला समजावत होती, "अगं, तयारमध्ये बाहेरून झगमगाट असतो, पण ज्याच्यावर गेम चालतो ते ग्राफिक्स कार्डच हलकं घालतात. सुटं घेतलं तर बाहेरच्या डब्यात पैसे कमी घालता येतात आणि कार्डात जास्त."

आई म्हणत होती, "पण तयार म्हणजे कसं, कंपनीचं असतं. काही झालं तर एकाच माणसाला धरता येतं."

नीराबाईने पाटीतलं पापलेट उचललं, अंगठ्याने कल्ला वर केला, आतला लाल रंग आईला दाखवला. "ताई, तू माझ्याकडून असं बघून घेतेस ना? मी उद्या पिशवीत घालून सील मारून आणलं, तर घेशील?"

"छे!"

"मग पोरीला कल्ला बघू दे की!"

*

सुटे भाग घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानात ग्राफिक्स कार्ड बघितलं. खोका नवा, भाव इतरांपेक्षा कमी. मानसीला आनंद. मला मात्र तो कमी भावच टोचला. म्हटलं, "चालू करून दाखवा."

त्याने कंटाळत जोडलं. पंखे फिरायला लागले.

आता साचेखात्यात एवढा आवाज असतो की कानाचा उपयोग शून्य. साचा बरा आहे की नाही ते आम्ही तळहात ठेवून ओळखायचो. मी त्या कार्डाच्या कडेवर हात ठेवला. उगाच, जुन्या सवयीने. जरा वेळ तसाच उभा राहिलो.

"ह्याचं बेअरिंग झिजलंय," मी म्हटलं.

"काका, कालच माल आलाय. नवाकोरा!"

"असेल. पण नव्याला धाप लागत नाही."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं. मग कार्ड काढलं, माळ्यावर चढला आणि दुसरा खोका घेऊन आला. त्याचा भाव बरोबर इतर दुकानांएवढा होता!

*

जोडायला दिनेश आला. टीमच्या कॅप्टनने सुचवलेला. अँटॉप हिलला राहायचा. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, बोलायला कमी. त्याच रविवारची दुपार होती, मॅच सहाला.

सावळाराम दोनपासूनच आमच्या खोलीत खाटेवर येऊन बसलेला. इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्याने एका कागदावर प्रत्येक भागाचं चित्र काढलं होतं. खाली स्क्रू मोजून आकडा. दिनेशला ऐकू जाईल असं मला म्हणाला, "जाताना झडती घेणार मी. गिरणीत घ्यायचे तशी."

दिनेशने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

कामाला बसण्याआधी त्याने नळाला हात लावला. सावळाराम कुजबुजला, "मांत्रिक आहे काय रे?"

"अंगातली वीज उतरवतोय काका," दिनेश म्हणाला. "नाहीतर पार्ट जळतो."

मग त्याने एक ट्यूब काढली आणि प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावली. गरम होऊ नये म्हणून लावतात. पण सावळाराम ताडकन उभा! "बघ, बघ! आपल्या डोळ्यांदेखत चुना लावतोय!"

मानसी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दिनेश पण हसला. सावळाराम नाही हसला.

*

पाच वाजता जोडून झालं. बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

मानसीचा चेहरा उतरला. सावळाराम माझ्याकडे बघून भुवया उडवतोय, सांगितलं नव्हतं?

दिनेशने एकेक वायर तपासली. कार्ड काढून परत बसवलं. साडेपाच झाले. कपाळावरचा घाम पुसत तो पेटीच्या मागे वाकला आणि तिथेच थांबला.

"इथला स्विच कुणी बंद केला? मी चालू करून हात धुवायला गेलो होतो."

मग खाटेवरून हळू आवाज आला, "मशीन उघडं असलं की मेन बंद ठेवायचं. रूल आहे फिटर खात्याचा."

स्विच टाकला. पंखे फिरले. मी हात ठेवून बघितलं. धाप नव्हती!

*

सहाला पाच कमी. मानसी कानाला हेडफोन लावून बसली. कॅप्टन फोनवर म्हणाला, "थांब, एक जण अजून आला नाही. आला नाही तर तुला घेतो."

दिनेशने बॅग भरली. दाराशी सावळाराम कागद घेऊन उभा. "एक स्क्रू कमी आहे."

"आत कुठेतरी लागला असेल काका."

"मी मोजलेत. मशीन उघड, दाखव."

"सावळा, जाऊ दे रे," मी म्हटलं.

"का जाऊ दे? प्रत्येक वेळी आपणच का जाऊ द्यायचं?"

मानसीने हेडफोन लावूनच मागे वळून बघितलं. डोळ्यांत पाणी आलेलं.

दिनेशने बॅग खाली ठेवली. "मशीन नका उघडू. तिची वेळ झालीय. माझी घ्या झडती."

आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात वर, पाय फाकलेले. पाळी सुटल्यावर झडतीला आम्ही गेटवर रोज उभे राहायचो, अगदी तस्सा. हे कुणी शिकवून येत नाही.

"कुठे बघितलंस हे?" सावळारामाने विचारलं.

"माझे बाबा गिरणीत होते. संपानंतर घरीच असायचे. बाजारात निघाले तरी आमच्या दारात असे उभे राहायचे. आई पाठीवर हात फिरवायची, मग बाहेर पडायचे."

सावळारामाच्या हातातला कागद खाली आला. तो पुढे झाला. मला वाटलं, आता हा खरंच खिसे तपासतो की काय! पण तो दिनेशच्या शेजारी गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि आपले दोन्ही हात वर केले.

"आधी माझी घे," म्हणाला.

दिनेश वळला. मग त्याने सावळारामाच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली. तंबाखूची पुडी निघाली. चष्म्याचा कपडा निघाला. आणि एक बारकासा, काळा, नवाकोरा स्क्रू.

मी बघितला. सावळारामाचं तोंड भिंतीकडे होतं, त्याला दिसला नाही.

दिनेशने तो जरा वेळ तळहातावर धरला. मग पुडी, कपडा, स्क्रू, सगळं जसंच्या तसं खिशात परत ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"काही नाही सापडलं काका. जा."

सावळाराम हात खाली घेईना. तेवढ्यात आतून मानसी ओरडली, "आजोबा! आत घेतलं!"