फादरची वाढीव मुदत

पाळी सुटल्याची घंटा झाली की आमच्या कंपनीतली माणसं गेटकडे पळत सुटायची. तो मात्र डब्याची पिशवी खांद्याला लावून, एक हात लेथ मशीनवर ठेवून उभाच असायचा. ‘रिलिव्हर आला की निघतो,’ म्हणायचा. रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही असा नियम होता, पण तो मनापासून पाळणारा हा एकटाच. रिलिव्हरने दांडी मारली तर हा कुरकुर न करता दुसरी पाळीही ओढायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. अशा माणसाचं कौतुक सगळे करतात, पण त्याच्यासारखं वागायला कोणी तयार नसतं.

त्याला सगळे फादर म्हणत. तो काही पाद्री नव्हता. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा, एवढ्यावरच कंपनीने त्याला पदवी देऊन टाकली. गणपतीत मांडवाची वायरिंगही फादरच करायचा. आकुर्डीला एकाच इमारतीत आम्ही राहतो. तो दुसऱ्या मजल्यावर, मी त्याच्या बरोबर खाली. तेव्हा त्याच्या घरात काय चाललंय याची मला त्याच्याइतकीच माहिती असे. तशी मला चौकशीची खोड आहेच.

निवृत्त झाल्यावर फादरचा जीव घरात रमेना. सोसायटीच्या सगळ्या बिजागऱ्या दुरुस्त करून संपल्या. मग एक दिवस कळलं की तो आफ्रिकेत चाललाय. मलावी नावाच्या देशात एका ख्रिस्ती मिशनचं वर्कशॉप होतं, तिथल्या मुलांना लेथ चालवायला शिकवणारा माणूस हवा होता. मुदत एक वर्ष, राहणं-जेवण मिळेल, पगार नाही. आमच्या इमारतीत परदेश म्हणजे दुबई नाहीतर अमेरिका. पगार नसताना माणूस विमानात बसतो, हे कोणाला पटेना. कोणी म्हणालं, वहिनींशी बिनसलं असणार. कोणी म्हणालं, तिकडे सोनं स्वस्त असतं. मीही माझ्या परीने तर्क लढवले आणि सगळे फसले.

तो गेला. घरी राहिल्या वहिनी आणि फादरची म्हातारी आई. आजीचे पाय गेलेले, पण जीभ आणि कान शाबूत. तिचं उठवणं, निजवणं, पुसणं, भरवणं, सगळं वहिनींकडे. मूलबाळ त्यांना नव्हतं.

वर्ष सरलं आणि फादर परतला. आता आमच्या पिंपरी-चिंचवडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. इथे कोणी नगरसेवक झाला तरी फ्लेक्स लागतो आणि कोणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी लागतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मी फ्लेक्स करून घेतला: ‘परदेशात सेवा करून कायमचे मायदेशी परतल्याबद्दल हार्दिक स्वागत’. ‘कायमचे’ हा शब्द माझाच. फादरला कोणी काही विचारलंच नव्हतं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, शाल-श्रीफळ आणलं, माइक भाड्याने घेतला.

आजीजवळ शेजारणीला बसवून वहिनी दहा मिनिटांसाठी खाली आल्या. शाल घातली, टाळ्या झाल्या, फादरच्या हातात माइक दिला. तो फ्लेक्सकडे बघत राहिला. खोटं बोलणं त्याला जमत नाही, हीच त्याची अडचण. तो म्हणाला की मी कायमचा आलेलो नाही. तिथल्या मुलांचा हात बसायला अजून वेळ लागेल, मिशनने आणखी दोन वर्षं थांबता का असं विचारलंय, आणि माझ्या मनात जायचं आहे. मग नेहमीच्या सवयीने म्हणाला, ‘‘अजून रिलिव्हर आलेला नाही तिथं.’’

कंपनीतले जुने लोक हसले. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि माइकशिवायच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘‘अहो, आणि माझा?’’

आजीची औषधाची वेळ झाली म्हणून त्या वर निघून गेल्या. पेढे तसेच राहिले. फ्लेक्स मी त्याच संध्याकाळी उतरवला.

मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. छताकडे कान लावून बसलो, पण आवाज काही आला नाही. मिशनला महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी फादरने वहिनींना श्रीरामपूरला त्यांच्या बहिणीकडे जाणाऱ्या एसटीत बसवून दिलं. कित्येक वर्षांत त्या मोकळ्या अशा कुठे गेल्याच नव्हत्या. आईचं सगळं त्याने स्वतःकडे घेतलं.

मी रोज काहीतरी निमित्त काढून वर जायचो. बाईमाणसाला उचलायची त्याला सवय नव्हती. आजी लाजायची आणि चिडायची. भात कच्चा राहायचा. चादरी वाळत घालताना तो पार थकलेला दिसायचा. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, फादर, खरं सांग, देवाने बोलावलं म्हणून जातोयस का?

‘‘देवाचं मला एवढं कळत नाही रे,’’ तो म्हणाला. ‘‘चर्चमध्ये देवाचा अनुभव सांगायला, साक्ष द्यायला उभा राहिलो तरी मला घाम फुटतो. पण इथं मी निवृत्त झालो आणि आठवड्यात माझ्या जागी आपोआप चालणारं सीएनसी मशीन बसलं. तिकडं सकाळी शेड उघडायच्या आधी पोरं दारात उभी असतात. माझी वाट बघत. इथं माझी वाट कोण बघतं?’’

आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, ‘‘म्या बघती की.’’

मला तिथून पळून जावंसं वाटलं. फादर उठून आत गेला. त्या दिवसापासून त्याने जायचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विषय संपला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. वर तो असला की मला आधार वाटायचा.

पण आजीच्या मनात तो विषय संपला नव्हता. तिने मलाच बोलावून घेतलं आणि राहुरीजवळच्या गावात राहणाऱ्या तिच्या लेकीला, म्हणजे फादरच्या बहिणीला, फोन लावायला सांगितला. आजी लेकीच्या घरचं पाणीही प्यायची नाही. घराण्याने धर्म बदलून पिढ्या लोटल्या होत्या, ही रीत मात्र बदलली नव्हती. ती फोनवर म्हणाली, ‘‘मी तुझ्याकडं ऱ्हायला येतीय. किती दिस, ते विचारू नगं.’’ लेक पलीकडे रडायलाच लागली. आई येणार म्हणून ती कित्येक वर्षं वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी परत आल्या. फादरने त्यांना पहिल्यांदाच सरळ विचारलं, तू काय म्हणतेस? त्या म्हणाल्या, मी येते, मलाही बघायचंय एवढं काय आहे तिथं. मिशनने दोघांनाही या म्हणून कळवलं. महिनाअखेरीला फादरने होकार दिला.

आजीला न्यायला जावई गाडी घेऊन आला त्या दिवशी लिफ्ट बंद होती. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी तिला खाली आणलं. नवं लुगडं नेसून ती जिन्यावरच्या प्रत्येक दारात निरोप घेत होती. तिला गाडीत बसवलं आणि फादर दारापाशी वाकला. दोन वर्षांत येतो, असं काहीतरी तो पुटपुटला. आजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून प्रार्थना केली. मग म्हणाली, ‘‘म्हातारीला सोडून चाललो, असं म्हनू नगं कुनाला. तू सोडत न्हाईस. मी धाडतीय.’’

त्यांची पुन्हा भेट झाली नाही. पुढल्या वर्षी आजी गेली. फादरला वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या वतीने मी गेलो. दफनभूमीत मी मोबाइल धरून उभा होतो आणि पडद्यावर फादर आणि वहिनी शेजारी शेजारी बसून बघत होते. मातीची मूठ मी त्याच्या नावाने टाकली. ख्रिस्ती दफनाला जायची माझी पहिलीच वेळ.

मी घरी आल्यावर त्याने मला फोनवर एकच विचारलं, आईने शेवटी काही त्रास काढला का. मी त्याच्या बहिणीकडून ऐकलेलं सांगितलं. त्रास काही नव्हता. फक्त सकाळी उठल्यावर आजी चहा समोर ठेवून बसून राहायची आणि मधूनमधून विचारायची, ‘‘तिकडं उजाडलं का?’’ मलावीत आपल्यापेक्षा उशिरा उजाडतं, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. उजाडलं, पोरं शेडच्या दारात आली असतील, असं लेकीने म्हटल्यावरच ती गार झालेला चहा प्यायची.