धाकटीची जट

आमच्या भागात दिवाळीचं उटणं दिवाळीला लागत नाही. शिरूर कासारच्या आजूबाजूची निम्मी गावं दसरा झाला की ऊसतोडीला निघून जातात. अभ्यंगस्नानाच्या पहाटे ती कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, उघड्या रानात कोप्या उभारून बसलेली असतात. तिथे उटणं कोण लावतं? म्हणून गाडी भरायच्या आदल्या दिवशीच घरोघर पाणी तापतं, पोरांना घासूनपुसून काढतात आणि दिवाळी उरकून टाकतात. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं होतं. आता माझं उटणंच त्या दिवसाच्या बेताने तयार होतं.

मी घरी बरंच काही करते. आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, संत्र्याच्या साली, मसुराची डाळ, आंबेहळद हे सगळं भादव्यात जसं ऊन मिळेल तसं पत्र्यावर वाळवते आणि कुटून जुन्या ओढणीतून गाळते. चाळणीतून गाळलेलं उटणं अंगाला टोचतं. शिकेकाई वेगळी, तिच्यात रिठे आणि मेथ्या. ओढ्याच्या कडेला माका उगवतो, तो करडईच्या तेलात कढवला की डोक्याचं तेल होतं. भेगाळलेल्या हातापायांसाठी करडईच्याच तेलात मेण वितळवते. मेण मेंढ्यांच्या मागे फिरणाऱ्या धनगरांकडून घेते. मोहोळ काढलं की ते आठवणीने आणून देतात. यात कसलंही गुपित नाही. कुणीही विचारलं तर सांगते, पण विचारणाऱ्यांना कृती नको असते, चमत्कार हवा असतो. गल्लीतल्या मुली मोबाईलवर बघून तोंडाला टोमॅटो आणि कॉफी फासतात, चार दिवसांत कंटाळतात आणि माझ्याकडे येतात. "काकू, यानं गोरं होतं का?" मी म्हणते, "चुना लाव. लगेच होतं."

हे सगळं मला जमायला लागलं ते कोयता सुटल्यावर. कोयता म्हणजे आमच्याकडे एक माणूस नाही, नवरा-बायकोची जोडी. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत टाकायच्या. आम्हीही बरीच वर्षं गेलो. मग नवऱ्याला पाटोद्याच्या बाजारात आडतीवर काम मिळालं आणि आमची जोडी सुटली. मला झालेला आनंद मी तेव्हा लपवलासुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, जरा तरी लाज बाळग, धाकटी जातीय अजून. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर आणि ती दरवर्षी जात होती.

मागच्या चैत्रात ती दोघं परत आली तेव्हा धाकटीच्या मानेवर, वेणीच्या जागी, जट लोंबत होती. मनगटाएवढी जाड, खाली टोकाला शेणकुटासारखी कडक. सासूबाईंनी ती पाहिली आणि पदर डोक्यावर ओढून हात जोडले. देवी आली म्हणाल्या. त्याच दिवशी जटेला हळदकुंकू लागलं. त्यानंतर तिला फणी लावायची नाही, कात्री तर घरात तिच्या समोरही धरायची नाही. आणि जिच्या डोक्यावर देवी बसली तिने डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, हा नियमही आलाच. म्हणजे पाणी नाही, सरपण नाही आणि उसाची मोळी तर नाहीच.

मला या प्रकाराची चीड होती. देवीला राहायला दुसरी जागा मिळाली नाही का, असं मी एकदा बोलले आणि सासूबाईंनी दिवसभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. माझ्या मते गोष्ट सरळ होती. तोडीच्या दिवसांत बाईच्या केसांना पाणी मिळत नाही, महिनोन्महिने फडकं गुंडाळलेलं, त्यात घाम आणि जळक्या पाचटाची काजळी. केस गुंतणार नाहीत तर काय होणार? धाकटीची मान दुखायची, तिला उताणं झोपता येत नव्हतं, उन्हात वास यायचा. ती तक्रार करायची नाही. ती कधीच करत नाही. पण माझ्यासारखी बाई घरात असताना धाकट्या जावेच्या डोक्यावर हे असलं लोंबावं, हे मला काही केल्या सहन होईना.

भादव्यात तोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाचा निरोप आला, औंदा तुमचा कोयता धरायचा का नाही ते सांगा. दीर कधी जटेकडे बघायचा, कधी आईकडे. तेव्हा मी सासूबाईंपुढे विषय काढला.

"आत्याबाई, मी फणी लावत न्हाई, कात्री बी न्हाई. नुसता जवसाचा रस लावून बघते."

त्यांनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "लाव. देवीची आसंल तर सुटायची न्हाई. सुटली तर ती देवीची नव्हती, मंग जाऊ दे तिला तोडीला."

इतक्या सहज मिळालेल्या परवानगीने मी खूश झाले. धाकटीला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

जवसाचा रस करायला अवघड नाही, फक्त वेळ साधावी लागते. मूठभर जवस तांब्याभर पाण्यात उकळायचे. पाणी घट्ट होऊन पळीवरून तार सुटायला लागली की उतरवायचं आणि हाताला चटका बसतोय तोवरच फडक्यातून पिळून काढायचं. गार झालं की ते फडक्यातून उतरतच नाही, सगळा खटाटोप वाया. त्या रसात मी माक्याचं तेल घातलं आणि धाकटीला परसात लिंबाखाली पाठमोरी बसवलं. फणी चालत नव्हती म्हणून पोती शिवायचा दाभण घेतला, त्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं. सासूबाई मागच्या दारात जपमाळ घेऊन बसल्या, आम्ही दिसू पण बोलणं नीट ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

मी रस जिरवत गेले आणि जटेच्या मुळापासून एकेक केस दाभणाने वेगळा करू लागले. बोटभर जट सुटली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मग कोमट रस आतवर मुरला तसं माझ्या बोटांना काहीतरी चिकट, तपकिरी लागलं. मळ असेल म्हणून मी ते चोळलं. मळाची अशी तार निघत नाही. मी वास घेतला. बाळंतिणीच्या लाडवांसाठी मी स्वतः डिंक निवडते, त्यातली साल आणि माती काढते. हा बाभळीचा डिंक होता. आणि तो वाऱ्याने उडून वेणीत आला नव्हता, थरावर थर दिलेला होता.

"ह्यो डिंक हाय," मी म्हणाले. "कुनी लावला?"

तिची मान माझ्या हातात होती, ती ताठ झाली.

"तूच लावलास? कावून गं?"

"आक्का, हळू बोला."

मी हळू बोलले. हात चालू ठेवले, सासूबाईंना दिसावेत म्हणून. आणि धाकटीने समोरच्या कुंपणाकडे बघत मला सगळं सांगितलं, एखाद्या तिसऱ्याच बाईची हकिकत सांगावी तसं.

"दोनदा पोट पडलं माजं. दोन्ही येळंला मोळी घिऊन फळीवरून गाडीत चढताना. पैल्या येळंला कुनाला सांगितलं न्हाई, दुसऱ्या दिशी कामाला गेलते. दुसऱ्या येळंला मुकादम ह्यांला म्हनला, बायकूची गर्भपिशवी काढून टाका, खाडे तरी व्हायचे न्हाईत. ह्ये काय बोलले न्हाईत. तवापासनं मी डिंक लावाया लागले."

"आन् आता?"

"आता परत दिवस गेलेत."

"आत्याबाईंला सांग की मंग!"

"पोटुशी बाई तोडीला जात न्हाई का? आत्याबाई सोता गेलत्या. ह्ये फडाच्या कडंलाच झालेत." तिने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला. "पोट आसलं तरी मोळी उचलावी लागती, आक्का. जट आसली तर लागत न्हाई."

मला भयंकर राग आला. तिचा नाही. ज्या घरात पोट हे कारण चालत नाही आणि जट चालते, त्या घरात मी इतकी वर्षं भाकरी थापत होते, त्याचा आला. आणि थोडा माझा. घरात सगळ्यात शहाणी मी, असा माझा समज होता. पण माझं शहाणपण तिच्या केसांपाशी येऊन थांबलं होतं, त्याखालचं डोकं मी पाहिलंच नव्हतं. ते डोकं माझ्यापेक्षा बरंच पुढे धावत होतं.

सुटलेले केस माझ्या तळहातावर मोकळे पडले होते, चांगले काळेभोर, मऊ. अजून दोन-तीन दुपारी बसले असते तर सगळी जट मी सोडवली असती. मला खात्री होती, आजही आहे.

मी ते केस परत पिळले. रस होताच, डिंकही होता. दाभणाने एकात एक ओवून मी मुळापर्यंत घट्ट बसवले, वरून हळद दाबली. केस गुंतवण्याचं काम मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं आणि सांगायला हरकत नाही, ते मला चांगलं जमलं. फक्त मुळाशी थोडी ढील ठेवली, म्हणजे मान ओढली जाणार नाही, आणि उवा होऊ नयेत म्हणून करंजाचं तेल जिरवलं.

मग मी हात धुतले आणि सासूबाईंपुढे जाऊन सांगितलं, "न्हाई सुटत, आत्याबाई. लई केलं मी. देवीचीच हाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडून हे ऐकायची त्यांनी कधी आशाच केली नसावी. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला जवळ ओढून कुंकू लावलं. मला एवढं अवघडल्यासारखं झालं की मी उठायला लागले. पण त्यांनी माझा हात सोडला नाही, कारण त्यांच्या मनात पुढचा प्रश्न आला होता. तो माझ्या मनात यायला हवा होता, पण आला नव्हता.

"मंग औंदा धाकल्यासंगं कोन?"

दीर एकटा गेला तर अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी धड विचारत नाही, आणि आमच्या कोरडवाहू रानावर घर चालत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले. नवरा आडत सोडू शकत नव्हता, ते काम एकदा गेलं की गेलं. घरात हातीपायी धड अशी बाई एकच उरत होती. माझी आवळकाठी पत्र्यावर वाळत होती, शेजारच्या गावातल्या बायकांनी शिकेकाईसाठी निरोप धाडले होते.

"मी जाते," मी म्हणाले. टोळीत सगळी आमचीच भावकी असते, त्यामुळे दिरासोबत भावजय गेली तर कुणी नाव ठेवणार नव्हतं. नाव ठेवणारा नवरा होता. तो बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

धाकटी चुलीपाशी आली आणि माझा दंड धरून कुजबुजली. "आक्का, सोडवा ती जट. मी जाते. तुमी कावून माज्यापायी..."

"गप," मी म्हणाले. "देवी आलेल्या बाईनं आसं बोलू न्हाई."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. सासूबाईंना वाटलं वारं आलं. त्या धावत जाऊन अंगारा घेऊन आल्या.

दसरा झाल्यावर आम्ही गेलो. इतक्या वर्षांनी शरीर ऐकत नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात पाचटाने हात कापून निघाले, माझंच मेण मी मलाच लावत होते आणि ते काही फार पुरं पडत नव्हतं. मोळी डोक्यावर घेऊन त्या अरुंद फळीवर पाय टाकला की दर वेळी मला धाकटी आठवायची. पोटात लेकरू घेऊन ती इथून कशी चढली असेल, हा विचार मी करू नये म्हणायचे आणि करायचे.

फाल्गुन सरत आला होता. दुपारी फडात दिराचा फोन वाजला. त्याने आवाज मोठा करून फोन मधोमध धरला. पलीकडून सासूबाई ओरडत होत्या, पोरगी झाली, दोघी बऱ्या हायत, देवीनं राखलं बघा. त्यांच्या मागून रडणं ऐकू येत होतं, बारीक, चिडलेलं, न थांबणारं. दिराने फोन आणखी जवळ धरला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मला ते पुसता येईना, कारण दोन्ही हात उसाच्या कुसळांनी भरलेले होते. तसे हात डोळ्याला लावले तर डोळे सुजतात. मी हात अंगापासून लांब धरून तशीच उभी राहिले आणि पोरीचं रडणं ऐकत राहिले.