कुसुमताईंच्या मुलाच्या मेसेजमधला दुसरा आवाज

मित्रांनो, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी नागपुरात सीताबर्डीला चिनी भाषा शिकवते. आज वर्गावर रामटेकहून कुसुमताई आल्या. त्यांचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिथे अडकला. पासपोर्ट काढून घेऊन त्याला कोंडलंय आणि ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. काल त्याचा व्हॉइस मेसेज आला, "माय, मी बरा आहो." मागे एक माणूस चिनीत काहीतरी बोलून हसतो.

"थो काहून हसून राहिला, मॅडम?" कुसुमताईंनी विचारलं.

मी पुन्हा ऐकलं. जिन छान थुओ छ्याओ. सोनेरी सिकाडा किडा कात टाकून निसटतो. मागे नुसतं टरफल ठेवून पळणाऱ्याला चिनीत असं म्हणतात. तो माणूस कुणाला तरी सांगत होता, पोरगा पांघरुणाखाली उशा ठेवून पळाला होता आणि फाटकापाशी सापडला. पुढे म्हणत होता, "आता पाय मोडलेत, पुन्हा नाही निसटायचा."

मी एवढंच सांगितलं, "तो पळाला होता, ताई. पण पकडला गेला."

त्या म्हणाल्या, "म्हणजे घरी याले निघाला होता पोरगा."

उद्या पोलिसांत तक्रार द्यायला मी त्यांच्यासोबत जातेय. तिथे मेसेजचं मी केलेलं अख्खं भाषांतर त्यांच्यासमोरच वाचलं जाईल. त्याआधी पायांचं मीच सांगू का? तुम्ही कसं सांगितलं असतं?